कानाला ओळखीचं लागतं

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा 1984 पासून चालू आहे. जुलैत आणि डिसेंबरात ती पुण्यातही होते. तिच्या पाच पायऱ्या आहेत: एन5 सर्वांत सोपी, एन1 सर्वांत अवघड. एन2 पास व्हायला 180 पैकी 90 गुण लागतात आणि तिन्ही भागांत प्रत्येकी 60 पैकी किमान 19. म्हणजे व्याकरणात आणि वाचनात भरपूर कमावलं असेल तर ऐकण्याच्या भागात 19 गुणांवर भागतं. बोलण्याची परीक्षा नाहीच. लिहिण्याचीही नाही, उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायचे, एवढंच.

यात परीक्षेचा दोष काढण्यात अर्थ नाही. जगभरच्या लाखो उमेदवारांना एकाच दिवशी समोर बसवून बोलतं करणं कोणालाच जमणार नाही. पण या रचनेतून एक विशिष्ट प्रकारचा विद्यार्थी तयार होतो. चाकणच्या कारखान्यात जपानहून आलेला इंजिनिअर मशीनपाशी उभा राहून तीन वाक्यं बोलतो. आपला एन2 झालेला दुभाषी ‘हाय, हाय’ म्हणत मान हलवतो आणि मनातल्या मनात घामाघूम होतो. तीच तीन वाक्यं कागदावर लिहून द्या, तो सरळ वाचून अर्थ सांगेल. शब्द त्याला माहीत आहेत, व्याकरण येतं, कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, ओळखता येतात. त्याच्या डोळ्यांना जपानी येतं, कानांना येत नाही.

आणि मग तो काय करतो? एन1ची पुस्तकं विकत घेतो.

या प्रकरणात सांगायचं ते एवढंच आहे की हा रस्ता उलटा आहे. त्याच्याकडे कमी आहे ती माहिती नव्हे, वेग. वेग नव्या शब्दांवर येत नाही, जुन्यांवर येतो.

आधी कानाचं बघू. 1984 साली कॅनडातले जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आपल्या घरचाच म्हणायला हवा, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ होते. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन आवाजांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. बहिरेपणाचा इथे काही संबंध नाही. घरात ज्या फरकाला काही अर्थ नाही, त्याकडे लक्ष देणं मेंदूने सोडून दिलं होतं.

दुसरा प्रयोग 1999चा, एमान्युएल द्युपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी फ्रेंच आणि जपानी लोकांना ‘एब्झो’ आणि ‘एबुझो’ असे निरर्थक शब्द ऐकवले. जपानी लोकांना दोन्हींत फरक करणं अवघड गेलं. ‘ब्’ आणि ‘झ’ यांच्यामध्ये नसलेला ‘उ’ त्यांना ऐकू येत होता, कारण त्यांच्या भाषेत अशी दोन व्यंजनं सलग येत नाहीत. मग शब्द बदलले: ‘एबुझो’ आणि लांब उकाराचा ‘एबुऽझो’. आता फ्रेंच लोक अडखळले आणि जपान्यांना फरक सहज कळला. ज्याच्या त्याच्या कानाला त्याची त्याची भाषा सवय लावते, आणि परक्या भाषेत नेमकी ती सवय आड येते.

मराठी कान यात कुठे बसतो? काही बाबतींत आपण नशीबवान आहोत. जपानीतला ‘त्सु’ इंग्रजी माणसाला घोटून घोटून शिकावा लागतो; ‘चूक’ आणि ‘चमचा’ म्हणणाऱ्याला तो जवळपास आयता मिळतो. जोडाक्षरातला थांबाही आपल्याला कळतो. मका आणि मक्का यांत ज्याचा घोटाळा होत नाही, त्याचा ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (पोस्टाचं तिकीट) यांत होण्याचं कारण नाही.

अडतं ते लांबीपाशी. मराठीत ह्रस्व-दीर्घ इकार-उकार शाळेत नियम म्हणून पाठ करावे लागतात, कारण बोलताना त्यांच्यावर अर्थ फारसा अवलंबून नसतो. जपानीत तो असतो. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईंना चुकून दुसरं म्हणून बघा. इथे देवनागरीही दगा देते. जपानी आखूड ‘आ’साठी तिच्यात वेगळं अक्षर नाही, आणि ए-ओ यांना तर ह्रस्व-दीर्घ असा भेदच नाही. पहिल्या महिन्यात जपानी शब्द देवनागरीत लिहून घेणाऱ्याने ही लांबी कायमची गमावलेली असते. हिरागाना ही जपानी लिपी पहिल्या पंधरवड्यात शिका, असं शिक्षक बजावतात ते यासाठी.

यावर तोडही आपल्याकडेच आहे. जपानी माणूस शब्द अक्षरांत मोजत नाही, मात्रांत मोजतो. तोक्यो म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, चार मात्रा. ‘शिन्बुन’ (वर्तमानपत्र) म्हणजे शि-न्-बु-न्, पुन्हा चार. हायकूतल्या पाच-सात-पाचची मोजणी याच हिशेबाने होते. कवयित्री शिरीष पैंमुळे हायकू मराठीत आली, पण ही मोजणी तिच्याबरोबर आली नाही. लघू-गुरू मोजायला शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘न्’ने मागचं अक्षर गुरू होतं हे वेगळं सांगावं लागू नये. तरी आपले वर्ग ते इंग्रजीतून समजावतात.

पुढची तक्रार ठरलेली: ‘फार भराभर बोलतात हो.’ ही तक्रार खरी आहे. फ्रान्समधल्या ल्यों इथले फ्रांस्वा पेलग्रिनो आणि सहकाऱ्यांनी 2011 साली सात भाषांतली वाचनं मोजली. जपानीत सेकंदाला सरासरी 7.84 अक्षरं पडली, इंग्रजीत 6.19, चिनीत 5.18. पण त्याच अभ्यासात दिसलं की जपानीतल्या एकेका अक्षरात माहिती मात्र कमी असते. भाषा भराभर चालते ती थोडं थोडं वाहून नेते, म्हणून. शिकणाऱ्याला याचा दिलासा किती वाटेल, शंका आहे. कारण कानावर अक्षरं आदळायची ती आदळतातच.

त्यातून ती पूर्ण आदळतही नाहीत. पुस्तकात ‘देसु’ असतं, बोलताना ‘देस्’ होतं. ‘सुकि’चं ‘स्कि’ होतं. ‘ताबेते इरु’ (खातो आहे) याचं ‘ताबेतेरु’, ‘ताबेते शिमाउ’ (खाऊन टाकणे) याचं ‘ताबेचाउ’, आणि ‘शिनाकेरेबा नारानाइ’ (करायलाच हवं) एवढ्या लांबलचक ऐवजाचं नुसतं ‘शिनाक्या’. विद्यार्थ्याने लांब रूप पाठ केलेलं असतं, आणि त्या लांब रूपाची वाट पाहत असताना आखूड रूप कानाजवळून निघून जातं. याला बेशिस्त म्हणू नका. आपणही ‘मी जात आहे’ असं कोणाला म्हणतो? ‘चाललोय’ म्हणतो. ‘येणार आहेस का’चं ‘येणारेस का’ होतं, ‘पाहिजे’चं ‘पायजे’ होतं. पुस्तकातून मराठी शिकलेला जर्मन माणूस पुण्याच्या रिक्षात असाच गोंधळून बसलेला असतो.

आता उपाय. सर्वांत जुना आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय सर्वांत कामाचा आहे: श्रुतलेखन. एका मिनिटाचा आवाजाचा तुकडा घ्या. दोन अटी आहेत: त्याचा मजकूर तुमच्याकडे हवा, आणि तो मजकूर वाचताना तुम्हाला पूर्ण कळायला हवा. मजकूर झाकून ऐका, थांबवत थांबवत लिहा, मग ताडून बघा. जिथे चुकलं तिथे कारण लिहा. शब्दच माहीत नव्हता? माहीत होता, पण गिळलेल्या रूपात ओळखला नाही? की ओळखला, पण अर्थ लागेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलं? बहुतेकांचं दुसरं आणि तिसरं कारण पानभर निघतं आणि पहिलं जेमतेम दोन-तीनदा. शब्दसंग्रह वाढवत बसण्याचा रोग त्या पानावरून लक्षात येतो.

त्यानंतर शॅडोइंग. आवाज चालू ठेवून, त्याच्या अर्धा-एक सेकंद मागे राहून, जे ऐकू येतं तेच तोंडाने म्हणत जायचं. मूळ ही प्रयोगशाळेतली युक्ती. कॉलिन चेरी यांनी 1953 साली, दोन माणसं एकदम बोलत असताना आपण एकाचंच कसं ऐकतो, हे तपासायला ती वापरली होती. दुभाष्यांच्या प्रशिक्षणातही ती रुळली. जपानमध्ये तिचा वापर इंग्रजीच्या वर्गांत खूप झाला. शुऽहेइ कादोता यांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली आहेत. तिचा फायदा असा की म्हणता म्हणता भाषांतर करायला सवडच मिळत नाही. पहिल्यांदा तोंडातून नुसती बडबड बाहेर पडते. तबला शिकणारा जसा एकच कायदा आधी ठायीत आणि मग दुगुनीत वाजवतो, तसाच हा एक मिनिटाचा तुकडा आधी मजकूर समोर ठेवून, मग न ठेवता, मग जरा वेग वाढवून म्हणायचा. चार-पाच दिवस तोच तुकडा. रोज नवा तुकडा घेणारे लवकर दमतात आणि हाती काही लागत नाही.

ओळखीच्या मजकुराचा आग्रह मी उगीच धरत नाही. वाचनाच्या बाबतीत हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या इंग्रजी मजकुरावरच्या अभ्यासात दिसलं की मजकुरातले 80 टक्केच शब्द ओळखीचे असले, तर कोणालाच गोष्ट पुरेशी कळत नाही. आरामात कळायला सुमारे 98 टक्के लागतात. ऐकण्यासाठी, तेही साध्या गोष्टींच्या बाबतीत, व्हान झीलांड आणि श्मिट यांनी 2013 साली 95 टक्के पुरतील असं म्हटलं. म्हणजे वीस शब्दांमागे एखादाच अनोळखी. तुमच्या रोजच्या ऐकण्याचा हिशेब करून बघा. टोकियोच्या बातम्या कानात घालून तासभर बसणारा विद्यार्थी सराव करत नसतो. त्याच्या घरात फक्त जपानी आवाज असतो.

सोपं काय ऐकावं? एनएचके ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था सोप्या जपानीत लिहिलेल्या आणि वाचलेल्या बातम्या देते. तिचे परदेशी श्रोत्यांसाठीचे जपानीचे धडे हिंदीतही आहेत. आणि माझी स्वतःची एक आवडती शिफारस आहे, ती ऐकून लोक हसतात: रेडिओ ताइसो. जपानी रेडिओवरची ही सकाळची कवायत 1928 पासून चालत आली आहे. साडेसहाला पेटीच्या नव्हे, पियानोच्या सुरावर एक आवाज सांगतो, हात वर, बाजूला, वाका, मोठा श्वास घ्या. रोज तेच. आठवड्याभरात आकडे, अवयव आणि आज्ञा भाषांतराशिवाय कळू लागतात, कारण शरीर आधी हलतं. जाता जाता पाठही सुटते.

अॅनिमेबद्दल विचारल्याशिवाय तरुण वाचक राहणार नाहीत. जरूर बघा. फक्त खाली इंग्रजी ओळी चालू असतील तर तुम्ही इंग्रजी वाचताय, एवढं ध्यानात असू द्या. जपानी ओळी लावा किंवा काहीच लावू नका. आणि तिथले नायक स्वतःला ‘ओरे’ आणि समोरच्याला ‘ओमाए’ म्हणतात, ते ऑफिसात साहेबापुढे चालत नाही.

इथे माझी एक जुनी तक्रार मांडतो. आपण जपानी इंग्रजीतून शिकतो. पुस्तकं तशी, वर्गातलं फळ्यावरचं भाषांतर तसं, डोक्यातला खर्डाही तसाच. ‘वाताशि वा किनोऽ एकि दे तोमोदाचि नि आइमाशिता.’ याचं मराठी करा: मी काल स्टेशनवर मित्राला भेटलो. शब्दांची जागा एकही हलली नाही. ‘एकि दे’ म्हणजे स्टेशनवर, ‘तोमोदाचि नि’ म्हणजे मित्राला. जपानी माणूसही मित्रा‘ला’च भेटतो. इंग्रजीतून येणाऱ्याला इथे ‘नि’ का, हे पाठ करावं लागतं. पुढे बघा. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. ‘मिरु’ म्हणजे बघणंच. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणं. ‘ओकु’ म्हणजे ठेवणंच. ‘किनोऽ कात्ता होन’ म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, विशेषण आधी आणि नाम नंतर, मधे ‘जे’ नाही की ‘ते’ नाही.

ऐकताना याची किंमत फार मोठी आहे. जपानी वाक्याचा निकाल अगदी शेवटी लागतो: जाणार की नाही जाणार, गेला की गेला नाही, हे क्रियापदाच्या शेपटीत असतं. इंग्रजीत विचार करणारा क्रियापदाची वाट बघत सगळं वाक्य हातात धरून उभा राहतो आणि मग ते उलटंपालटं करून लावतो. मराठीत विचार करणाऱ्याला काहीच उलटवावं लागत नाही, तुकडे येतील तसे ठेवत जायचं. शेवटच्या ‘नाही’साठी थांबायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. तेव्हा भाषांतर करायचंच असेल, आणि सुरुवातीला ते सगळेच करतात, तर निदान मराठीत करा.

ऐकण्याने सगळं होतं का? होत नाही. कॅनडातल्या इंग्रजी मुलांना फ्रेंच माध्यमात घालण्याचा प्रयोग 1965 साली माँट्रिअलजवळ सेंट लँबर्टला सुरू झाला. ही मुलं पुढे वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत राहिली, त्यांचं समजणं फ्रेंच मुलांच्या जवळ गेलं, पण बोलणं नाही. मेरिल स्वेन यांनी 1985 साली यावरून म्हटलं की बोलावं लागल्याशिवाय आपल्याला काय येत नाही तेच कळत नाही. समजायला अंदाज पुरतो. बोलायला प्रत्यय लागतो.

बोलण्याच्या सरावातही तेच जुनं सूत्र चालतं. 4-3-2 नावाची एक पद्धत कीथ मॉरिस यांनी 1983 साली मांडली आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी ती सर्वदूर नेली. एक विषय घ्या, उदाहरणार्थ काल काय केलं. एका माणसाला तो चार मिनिटांत सांगा, दुसऱ्याला तोच तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दरवेळी नवा, गोष्ट तीच. दुसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत, तिसऱ्या खेपेला वाक्यं लगडून येतात. एकटे असाल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. नेशन तर म्हणतात की अभ्यासक्रमाचा पाव हिस्सा अशा, नवं काहीच नसलेल्या सरावाला द्यावा. आपल्याकडे तो किती असतो? जवळजवळ शून्य.

ओघ म्हणजे न थांबणं असं समजू नका. जन्मजात बोलणारेही थांबतात, पण बहुधा एक वाक्यखंड संपल्यावर थांबतात. शिकणारा खंडाच्या मधोमध थांबतो. म्हणून सुटे शब्द नव्हे, तयार तुकडे पाठ हवेत, आणि थांबायचंच झालं तर जपानी पद्धतीने थांबावं. ‘एऽतो’ म्हणावं, ‘सोऽ देसु ने’ म्हणावं. समोरचा बोलत असताना ‘हाय’, ‘एऽ’, ‘नारुहोदो’ अशी दाद देत राहावी. याला ते आइझुचि म्हणतात, आणि ती नसली तर फोनवरचा जपानी माणूस ‘ऐकू येतंय ना?’ असं विचारतो. मात्र या ‘हाय’चा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. ‘मान्य आहे’ असा नव्हे. यावरून व्यवहारात गैरसमज झाल्याच्या कहाण्या भरपूर आहेत.

किती वेळ लागेल? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरतं जपानी यायला वर्गातले सुमारे 2200 तास धरतं. फ्रेंच-स्पॅनिशला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ते आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत. आपली वाक्यरचनेची मेहनत वाचते, कांजीची वाचत नाही. जाहिरातींत सहा महिन्यांत जपानी शिकवणाऱ्यांना हे आकडे दाखवायला हरकत नाही.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाच्या पंचविसाव्या धड्यावर पोचलेल्या वर्गाला आठवड्यातून एकदा पाचव्या धड्याचा संवाद ऐकवा, पुस्तकं मिटवून. त्यातली जाण्या-येण्याची क्रियापदं घेऊन प्रत्येकाला आपला कालचा दिवस तीन जणांना सांगू द्या, दरवेळी कमी वेळात. मुलं म्हणतील, सर, हे तर झालंय. पोर्शनही थोडा मागे पडेल. पडू द्या.